परोपकाराचा जमाखर्च

दुष्काळी मुलखाचें दारिद्र्य कसें हटावें, या प्रश्नाचीं दोन उत्तरें आपण नेहमीं ऐकतों. एक पक्ष म्हणतो, दानधर्म करा. दुसरा म्हणतो, व्यापार वाढूं द्या. दानानें आजची भूक भागते, पण उद्यांची तशीच राहते. व्यापार नफा दिसेल तेथेंच जातो, आणि माण तालुक्यासारख्या कोरड्या मुलखांत तो सहसा दिसत नाहीं. आमच्या मतें तिसरा मार्ग अधिक टिकाऊ आहे. तो म्हणजे स्वतःच्या पायांवर उभा राहणारा, परंतु लोकहितासाठींच चालविलेला उद्योग.

सातारा जिल्ह्यांतील म्हसवडचें उदाहरण पहा. तेथील कष्टकरी बायकांना थोडथोडे पैसे शिल्लक टाकावयाचे होते. पण इतकी लहान रक्कम घेण्यास बँका तयार नव्हत्या. तेव्हां श्रीमती चेतना गाला सिन्हा यांनीं स्त्रियांचीच सहकारी बँक काढण्याचें ठरविलें. पहिला अर्ज नामंजूर झाला. कारण अर्जदारांपैकीं कित्येकींना लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्या खचल्या नाहींत. त्या अक्षरें शिकल्या, व्याजाचे हिशेब तोंडीं करूं लागल्या, आणि त्यांनीं पुन्हां अर्ज केला. १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बँकेंत जावयाचें तर दिवसाची मजुरी बुडते, हें ओळखून बँकच त्यांच्या दाराशीं जाऊं लागली.

अशा शिलकेंतून भांडवल होतें. भांडवलांतून शेळी, शिवणयंत्र वा भाजीची गाडी येते. तिच्या मिळकतींतून मुलांची फी भरली जाते. सावकाराच्या घरीं जाणारा पैसा गांवांतच फिरूं लागतो.

मात्र लोकहिताची पाटी लावल्यानें कोणताही धंदा आपोआप शुद्ध होत नाहीं. लहान कर्जें देणाऱ्या कंपन्यांच्या वसुलीच्या जाचामुळें २०१० सालीं आंध्र प्रदेश सरकारला वटहुकूम काढावा लागला. म्हणून संस्थेनें किती कर्ज वाटलें हें न विचारतां, कर्जदाराची मिळकत किती वाढली हें विचारावें. शिवाय पाणी, रस्ते व शाळा हीं सरकारचीं कामें आहेत. तीं कोणत्याही उद्योगावर ढकलूं नयेत.

विद्यार्थी मित्रहो, सरळव्याजाचीं उदाहरणें तुम्हांस रुक्ष वाटतात; म्हसवडच्या बायकांनीं त्यांच्याच बळावर आपला हक्क मिळविला. आणि पालकांस विनंती एवढीच कीं, मुलगी हिशेबांत हुशार असेल, तर घरकामासाठीं तिची शाळा सोडवूं नका. उद्यां गांवाचा जमाखर्च तीच सांभाळील.