पडदा उघडण्यापूर्वी

आमच्या जोयडा तालुक्यातील खेड्यांत जत्रेच्या नाटकाची वाट पाहण्याची एक खास रीत आहे. तालमी सुरू झाल्या की घरोघर चर्चा चालते. यंदा पेटीला कोण बसणार? महाराजांची भूमिका करणाऱ्याचा आवाज शेवटच्या अंकापर्यंत टिकेल काय? या चर्चेत आशा असते तशी धास्तीही असते. परंतु ज्याला धास्ती वाटते, तोच दुसऱ्या दिवशी रंगमंचासाठी फळ्या वाहतो. नाटक पडले तर ते त्याचेही पडते.

मोबाईलवर येऊ घातलेल्या लढाईच्या खेळाची वाट पाहणाऱ्या मुलांची गोष्ट निराळी. आशा आणि धास्ती त्यांच्या वाट्याला येतात, काम मात्र येत नाही. पूर्वनोंदणीचे बटण दाबावे आणि दिवस मोजीत बसावे! म्हणूनच आपण वडील मंडळी या प्रतीक्षेला रिकामटेकडेपणा समजतो. मीही तसेच समजत असे.

२ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने 'पब्जी'सह ११८ ॲपवर बंदी घातली. दोनच दिवसांनी, आपल्याच राज्यातील बंगळूरच्या एका कंपनीचा 'फौ-जी' हा खेळ येत असल्याची घोषणा अभिनेते अक्षयकुमार यांनी केली. उत्पन्नाचा पाचवा हिस्सा 'भारत के वीर' या निधीस मिळावयाचा होता. मुलांच्या आशेला उधाण आले. खेळ लांबत गेला, तसतशा शंकाही वाढल्या. पब्जीसारखा मित्रांबरोबर खेळता येईल काय? वडिलांच्या जुन्या मोबाईलवर तो चालेल काय? येथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते. तेथे लढाई मध्येच तुटली तर?

१ जानेवारी २०२१ पासून दहावीचे वर्ग पुन्हा भरू लागले होते. २६ जानेवारीस तो खेळ प्रसिद्ध झाला. ध्वजवंदन आटोपताच चार-पाच मुले शाळेमागच्या टेकडीवर पळाली. त्यांपैकी एकाने मोबाईलमध्ये जागा व्हावी म्हणून मी पाठविलेले मराठीचे पाठ पुसून टाकले होते, हे मला मागाहून कळले. (राग आला, हे कबूल करतो. त्या पाठांत समास होते.)

दुसऱ्या दिवशी तोच मुलगा हिरमुसून म्हणाला, "सर, हातूंत बंदूकच ना!" खेळ गलवान खोऱ्यातील होता. शत्रूशी मुख्यतः हातापायांनी आणि दांडक्यांनी झुंजावयाचे, जखमी झाल्यास शेकोटीजवळ उभे राहून बळ मिळवावयाचे, आणि पुन्हा तेच. मित्रांसह खेळण्याची सोय आरंभी नव्हती. १५ जून २०२० च्या त्या खऱ्या चकमकीतही गोळीबार झाला नव्हता, २० जवान तशाच झुंजीत हुतात्मा झाले होते, हे मी त्याला सांगितले. ते त्याला पटले. "पण सर, एकच ठोसा किती वेळ मारायचा?" त्याने विचारले. तेव्हा मी जे बोललो त्याची मला आज खंत वाटते. मी म्हणालो, "आपल्या देशाचा खेळ आहे, आपल्या जवानांचा आहे, त्याला नावे ठेवू नयेत."

मुलगा गप्प बसला, आणि त्याला गप्प बसविण्यात मी चूक केली. त्याने जवानांना नावे ठेवली नव्हती. एका विकाऊ वस्तूचे परीक्षण केले होते, आणि ते नेमके होते. जवानांविषयीचा आदर ही खेळ बनविणाऱ्याची ढाल होऊ शकत नाही. जत्रेतील नट आपल्याच गावचा असला तरी तो संवाद विसरला म्हणजे प्रेक्षक ते बोलून दाखवितात. त्यात गावाचा द्रोह होतो, असे अद्याप कोणी म्हटलेले नाही.

पुढे पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने २०२२ मध्ये 'इंडस' या खेळाची घोषणा केली. पूर्वनोंदणी एक कोटीच्या वर गेली, तरी खेळ प्रसिद्ध व्हावयास १६ ऑक्टोबर २०२४ उजाडला. मुले कंटाळली, चिडली. परंतु मधल्या काळात कंपनीने काही खेळाडूंना अपुरा खेळ चाचणीसाठी खेळू दिला. फळ्या वाहण्याइतके नसेल, तरी थोडे काम प्रेक्षकांस मिळाले. मला ही रीत अधिक प्रामाणिक वाटते.

पालकांनी खेळास किती वेळ द्यावा हे ठरवावे; त्याबाबत मी मुलांची वकिली करणार नाही. परंतु मूल एखाद्या खेळाविषयी शंका काढीत असेल तर ती ऐकून घ्यावी. ते जाहिरातीपुढे मान तुकविण्यास नकार देत असते.

यंदा नववीच्या मुलांना मी एक काम सांगितले. ज्या नव्या खेळाची वाट पाहत असाल, त्याकडून काय हवे आणि कशाची भीती वाटते, ते आधीच कागदावर लिहून द्या. खेळ आल्यावर आपण ते कागद उघडून पाहू. कागद माझ्या खणात आहेत. बहुतेकांनी पानभर लिहिले आहे. एका मुलीने मात्र एकच ओळ लिहिली आहे : "भावाच्या आधी मला खेळायला मिळेल काय?"