कॉलेजचं नाव पेपरावर नसतं

कोंढव्याहून एका वाचक आपांचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी शहराबाहेरच्या एका खाजगी कॉलेजात एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला पुढे रेडिओलॉजी करायचं आहे. आईच्या मनात मात्र एकच धास्ती : "बी. जे. मेडिकलची मुलं समोर असताना आमच्या मुलीला कोण विचारणार?"

आपा, ही धास्ती आधी काढून टाका. नीट-पीजीला कॉलेजचं नाव लागत नाही. २०० प्रश्न, ८०० गुण, साडेतीन तास. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक गुण वजा. २०२४ पासून पेपर ४०-४० प्रश्नांच्या पाच भागांत येतो. प्रत्येक भागाला ४२ मिनिटं, आणि वेळ संपली की त्या भागाकडे परत जाता येत नाही. म्हणून घरी सरावही घड्याळ लावूनच व्हायला हवा. गुणांवरून देशभराची रँक लागते आणि रँकवरून जागा मिळते. मुलाखत नाही, शिफारसपत्र नाही. ससूनला शिकलेली मुलगी आणि तुमची मुलगी एकाच रांगेत उभ्या असतात.

फरक पडतो तो इंटर्नशिपच्या वर्षात. ससूनसारख्या ठिकाणी रुग्णांची इतकी गर्दी असते की इंटर्नचा हात आपोआप बसतो, पण पुस्तक उघडायला वेळ मिळत नाही. खाजगी कॉलेजात बऱ्याचदा उलटं असतं. वेळ मिळतो, म्हणून मुलं रजिस्टरवर सही करून थेट लायब्ररीत जाऊन बसतात आणि मोबाइलवर लेक्चर ऐकत राहतात. मला हे पटत नाही. आता पेपरात रुग्णाची हकीकत देऊन किंवा एक्स-रे, ईसीजी दाखवून पुढे काय कराल असं विचारतात. ज्यानं रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत असा रुग्ण पाहिला आहे, त्याला उत्तर आठवावं लागत नाही. कॅज्युअल्टी, लेबर रूम आणि मेडिसिनच्या ड्यूट्या तिनं मनापासून कराव्यात. अभ्यासासाठी हलक्या पोस्टिंगचे महिने राखून ठेवावेत. रेडिओलॉजीची आवड आहे, तर परवानगी घेऊन संध्याकाळी त्या विभागात बसावं आणि सर फिल्म कशी वाचतात ते पाहावं. दोन महिन्यांत तिला स्वतःलाच कळेल की ही आवड आहे की नुसती हवा.

दुसरी गोष्ट पेढ्यांची. "क्वालिफाय झाली" म्हणून आपण मोहल्लाभर पेढे वाटतो. पण क्वालिफाय होणं आणि हवी ती जागा मिळणं यांत फार अंतर आहे. २०२३ मध्ये जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली होती. त्याही वर्षी रेडिओलॉजीसाठी मारामारी होतीच. त्यामुळे पेढे जागा हातात आल्यावर वाटा.

कागदपत्रं मात्र आजच पाहा. मोमीन, पिंजारी, तांबोळी अशी आपली कितीतरी घरं ओबीसीत येतात, पण दाखला काढायचा राहून जातो. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या पीजी जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, आणि २०२१ पासून त्यांत ओबीसींना २७ टक्के आरक्षण आहे. तिथे केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमी लेयर दाखला लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याच्या फेरीचे कागद वेगळे, त्यात जात वैधता प्रमाणपत्रही आलं. निकालानंतर धावाधाव केली तर वेळ पुरत नाही.

अभिमत विद्यापीठात रेडिओलॉजीची फी वर्षाला कित्येक लाखांत जाते. त्यासाठी राहता फ्लॅट विकू नका. डीएनबीचा विचार करा. दीनानाथ मंगेशकर, रुबी हॉल अशा रुग्णालयांतही डीएनबीचे अभ्यासक्रम चालतात. त्याच नीट-पीजीच्या रँकवर प्रवेश होतो, पदवीला मान आहे, आणि फी त्या मानानं फारच कमी. कोणत्या शाखेच्या किती जागा आहेत ते त्या वर्षीच्या यादीत पाहावं.

अमेरिकेला जायचं म्हटलं तर खेळ वेगळा. यूएसएमएलईची पहिली पायरी जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास आहे. म्हणून दुसऱ्या पायरीचे गुण, तिथल्या डॉक्टरांसोबत केलेलं काम, त्यांची पत्रं आणि मुलाखत यांचं वजन वाढलं. तिथे कॉलेजचं नावही पाहिलं जातं आणि परदेशी पदवीधराला रेडिओलॉजी मिळणं अवघड असतं. खर्च मोठा आहे. मनाशी पक्कं असेल तरच त्या वाटेला जावं, नीट-पीजी जमली नाही म्हणून नव्हे.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलं आहे की स्थळ चांगलं आलंय, इंटर्नशिपमध्येच निकाह उरकून घ्यावा म्हणतो. आपा, माझ्या मते तुमच्या मुलीची रँक बी. जे.च्या मुलांपेक्षा या एका निर्णयावर जास्त अवलंबून आहे. स्थळ सोडा असं मी म्हणत नाही. पण मुलाकडच्यांना परीक्षेची तारीख आधी सांगा. परीक्षेपर्यंत दावत, पाहुणे, स्वयंपाक तिच्या माथी येणार नाहीत आणि नंतरची तीन वर्षं रात्रपाळ्यांची असतील, हे त्यांच्यासमोर स्पष्ट बोला. समजून घेतील, तर स्थळ खरंच चांगलं आहे. आणि हे सगळं ठरवण्याआधी तिला एकदा विचारलंत का? तुमच्या पत्रात ते कुठे दिसलं नाही.