‘द’ आणि आपला ‘ला’

शाळेत ‘द’ शिकवतात तो यादीने. नद्यांना लावा, पर्वतरांगांना लावा, एकट्या शिखराला लावू नका. म्हणजे ‘द हिमालयाज’, पण नुसतं ‘एव्हरेस्ट’. यादी पाठ होते आणि निबंध लिहायला बसलं की मुलं अंदाजपंचे ‘द’ पेरत सुटतात, कोशिंबिरीवर कोथिंबीर भुरभुरावी तसा.

माझं मत विचाराल तर यादी नंतर. आधी मुलांना दोन वाक्यं द्यावीत : ‘तो मुलगी शोधतोय’ आणि ‘तो मुलीला शोधतोय’. पहिल्यात स्थळं बघणं चालू आहे, दुसऱ्यात पोरगी जत्रेत हरवली आहे! फरक एका ‘ला’चा. इंग्रजीत पहिलीला ‘अ गर्ल’ म्हणतील, दुसरीला ‘द गर्ल’. मराठीत आर्टिकल नाही हे खरं, पण ‘कुठली ते ठरलेलं आहे’ हे आपणही रोज सांगतच असतो की. (निर्जीव वस्तूंना हा ‘ला’ सहसा लागत नाही, तिथे ‘ते पुस्तक’ म्हणून भागवतो.)

‘पहिल्यांदा अ, दुसऱ्यांदा द’ हा नियमही अर्धाच. ‘क्लोज द डोअर’ म्हणताना दाराची आधी ओळख करून दिलेली असते थोडीच? ऐकणाऱ्याला कुठलं दार ते कळतं, बस्स.

आणि हा इवलासा शब्द राजकारणही करतो बरं का. १९९१ मध्ये स्वतंत्र झाल्यावर युक्रेनी लोकांना इंग्रजीतलं ‘द युक्रेन’ नकोसं झालं, कारण ‘द’ लावला की देश न वाटता कुणाचा तरी प्रांत वाटतो. गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या भाषेत आर्टिकल नाहीच! गॅम्बियाने मात्र अधिकृत नावात आपला ‘द’ जपून ठेवलाय.