त्रास फुकट, तक्रार महाग

सकाळच्या बोरिवली लोकलमध्ये कोणीतरी मोबाइलचा आवाज मोठा ठेवून रील्स बघत असतो. एक गाणं चार सेकंद वाजतं आणि तुटतं, मग कोणाचं तरी खदाखदा हसणं, मग एखादा हिंदी संवाद आणि पुन्हा तेच पहिलं गाणं. शेजारचा मान वळवून बघतो, समोरचा भुवया उंचावतो, खिडकीजवळचा आपले इअरफोन कानात आणखी आत खुपसतो. बोलत कोणीच नाही. पुढे अंधेरी स्टेशनाबाहेर ओळीने तीन रिक्षा थांबतात, ठिकाण ऐकतात आणि नुसती मान हलवून निघून जातात. घाटकोपरच्या गर्दीच्या रस्त्यावर दुचाकी फुटपाथवर चढते आणि चालणाऱ्यालाच मागून हॉर्न मारते. मुलुंडच्या एखाद्या सोसायटीत पहाटे कोणीतरी गाडी मागे घेतं आणि रिव्हर्सची किरकिरी धून चौथ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना उठवते. यातलं काहीच पोलीस ठाण्यात जाऊन सांगण्याजोगं नाही. म्हणूनच ते वर्षानुवर्षं जसंच्या तसं चालू आहे.

उपनगरातल्या या किरकोळ कटकटींबद्दल बोलायला लागलं की दोनच सूर निघतात. एक, लोकांना शिस्त नाही, संस्कार नाहीत. दोन, एवढ्या मोठ्या शहरात राहायचं तर एवढं चालायचंच, ॲडजस्ट करा. दोन्ही सूर एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण निष्कर्ष एकच काढतात: करण्यासारखं काही नाही. हे मान्य होण्यासारखं नाही. या कटकटी टिकून राहतात त्या माणसं वाईट म्हणून नव्हे. त्रास देणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही आणि त्रास झालेल्याला तक्रारीची किंमत मात्र जबर पडते, हे त्यामागचं खरं कारण आहे. हा हिशेब उलटा केला की त्याच शहरातली तीच माणसं वेगळी वागतात, आणि याचे पुरावे मुंबईतच आहेत.

आधी हिशेब पाहू. समजा, एस. व्ही. रोडवर एकाने दोन मिनिटांसाठी गाडी दुहेरी लावली. त्याची पार्किंग शोधण्याची पाच मिनिटं वाचली. मागे अडकलेल्या बसमध्ये पन्नास माणसं असतील तर प्रत्येकाची दोन मिनिटं गेली, म्हणजे सगळी मिळून शंभर. फायदा एकाच्या पदरात पडला म्हणून त्याला तो ठळक दिसतो. तोटा पन्नास जणांत वाटला गेला म्हणून कोणालाच भांडावंसं वाटत नाही. दोन मिनिटांसाठी कोण बसमधून उतरून वाद घालणार, गाडीचा नंबर टिपणार, पोलिसांना फोन करणार? प्रत्येकाच्या दृष्टीने गप्प बसणंच शहाणपणाचं असतं. आणि हे सगळे शहाणपणाचे निर्णय एकत्र आले की रस्ता रोज तुंबतो. तेव्हा त्रास क्षुल्लक आहे म्हणून तो आपोआप सुटत नाही. क्षुल्लक असल्यामुळेच तो सुटत नाही.

आता संस्कारांचा मुद्दा. लोकलच्या दुसऱ्या वर्गातला बाक तिघांचा असतो, पण त्यावर चौथा बसतो. ही 'फोर्थ सीट' रेल्वेच्या कोणत्याही नियमात नाही. 'जरा सरका' एवढ्या दोन शब्दांवर ती मिळते. अर्धा पाय बाहेर ठेवून बसणाऱ्याला कोणी उठवत नाही आणि सरकायला नकार देणाऱ्याकडे अख्खा कंपार्टमेंट बघतो. बसलेल्याला 'कुठे उतरणार?' विचारून त्याची जागा आधीच बोलून ठेवायची, ही पद्धतही तशीच. जिथे श्वास घ्यायला जागा नाही तिथे लोकांनी स्वतः केलेले हे कायदे आहेत आणि ते बहुतेक वेळा पाळले जातात. कारण उघड आहे. गाडी रोजची, डबा रोजचा, चेहरे रोजचे. आज आडमुठेपणा केला तर उद्या त्याच डब्यात उभं राहावं लागतं. त्याउलट अनोळखी रस्त्यावर हॉर्न मारणारा पुढच्या सिग्नलपलीकडे कायमचा नाहीसा होतो. दोन्हीकडे माणूस एकच असू शकतो. संस्कार घरून निघताना बदलत नाहीत. वागण्याचे परिणाम मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात.

घाटकोपर स्टेशनावर हे एका पुलाच्या अंतरात दिसतं. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. तिच्या फलाटावर कुठे उभं राहायचं याच्या खुणा आहेत आणि दार कुठे येणार हे ठरलेलं आहे. संध्याकाळी तिथे जिन्यापर्यंत माणसं साठतात, तरीही रांग बऱ्यापैकी टिकते. तीच माणसं पूल ओलांडून मध्य रेल्वेच्या फलाटावर उतरली की गाडी थांबायच्या आत दाराला झोंबतात. यावर कोणी म्हणेल की तुलना अन्यायाची आहे. लोकलची गर्दी कितीतरी मोठी, गाडी थांबते जेमतेम काही सेकंद, सुटली तर ऑफिसचा लेटमार्क. बरोबरच आहे. पण मग दोष घरच्या वळणाचा नाही, हे या आक्षेपातच मान्य झालं. व्यवस्थेने रांगेत उभं राहणाऱ्याला गाडी मिळेल याची खात्री दिली की तो रांगेत उभा राहतो. खात्री नसेल तर रांगेतला माणूस मूर्ख ठरतो, आणि मूर्ख ठरायला कोणालाच आवडत नाही.

सर्वांत बोलका पुरावा मात्र रिक्षाचा आहे. वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षाला मज्जाव असल्याने हे दुखणं खास उपनगरांचं. जुन्या यांत्रिक मीटरच्या काळात भाड्यावरून रोज वाजायचं. मीटरवर दिसणारा आकडा टॅरिफ कार्डाशी ताडून भाडं काढायचं, कार्ड नवं की जुनं यावर वाद, आणि मीटर 'फास्ट' केलेलं असल्याचा संशय कायमचा. २०१२-१३ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले, भाडं थेट रुपयांत दिसू लागलं आणि ही भांडणं बरीचशी ओसरली. कोणी रिक्षाचालकांना प्रामाणिकपणाचे धडे दिले नव्हते, प्रवाशांनाही हिशेब शिकवला नव्हता. वादाची जागाच काढून टाकली गेली. पण त्याच रिक्षात, त्याच चालकाकडून, भाडं नाकारण्याचा त्रास मात्र आजही तितकाच आहे. फरक इतकाच की मीटरला तक्रारदार लागत नाही, नकाराला लागतो. १९८८ च्या मूळ मोटार वाहन कायद्यात तीनचाकीने भाडं नाकारल्याचा दंड होता जास्तीत जास्त ५० रुपये. त्यासाठी उन्हात उभं राहून नंबर टिपायचा, वेळ आणि ठिकाण लिहायचं, आरटीओकडे पाठवायचं आणि वाट बघायची. एवढ्या वेळात चौथी रिक्षा मिळते. २०२३ मध्ये मुंबईतल्या आरटीओ कार्यालयांनी अशा तक्रारींसाठी व्हॉट्सॲप क्रमांक सुरू केले, हे योग्य दिशेचं पाऊल होतं. पण तक्रारीचं पुढे काय झालं हे तक्रारदाराला परत कळलं नाही, तर तो दुसऱ्यांदा मेसेज करत नाही.

इथे रिक्षाचालकाची बाजू ऐकणं भाग आहे, कारण ती निव्वळ सबब नाही. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये मिळू लागले. त्यासाठी गर्दीच्या गल्लीत शिरून रिकामं परत यायचं, सीएनजीच्या रांगेत वेळ गेलेला, पाळी संपत आली की गाडी दुसऱ्याच्या हवाली करायची. नकारामागे आडमुठेपणा असतो, तसा हिशेबही असतो. पण म्हणूनच नुसत्या दंडाने हे सुटणार नाही. स्टेशनाबाहेरच्या शेअर रिक्षांनी काय केलं ते पाहावं: ठरलेला मार्ग, ठरलेलं भाडं, प्रवाशांची रांग आणि रिक्षांचीही रांग. जवळच्या अंतराचा चालकाचा तोटा तिथे भरून निघतो, म्हणून नकार द्यायचं कारण उरत नाही. जिथे चालकाचाही हिशेब जुळवला गेला तिथे कुरबूर कमी झाली. जिथे सगळा भार प्रवाशाच्या तक्रारीवर टाकला तिथे ती राहिली.

मोबाइलच्या आवाजाबाबत नियम नाही असंही नाही. एप्रिल २०२३ मध्ये 'बेस्ट'ने बसमध्ये इअरफोनशिवाय गाणी-व्हिडिओ लावायला आणि फोनवर मोठमोठ्याने बोलायला बंदी केली. आदेश चांगलाच होता. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? वाहकाने सांगायचं, तर तो तिकिटं फाडणार की आवाज ऐकत फिरणार? काही मार्गांवर तर तो बसमध्ये नसतोच, थांब्यावर उभा असतो. उरला सहप्रवासी. त्याने हटकलं तर 'तुम्हाला काय त्रास आहे?' हा प्रश्न त्यालाच ऐकावा लागतो. नियम झाला, पण तो बजावण्याची जबाबदारी ज्याच्यावर पडली त्याच्या हातात काही दिलं नाही. याउलट २०१९ च्या अखेरीस मुंबई वाहतूक पोलिसांनी काही सिग्नलवर केलेला प्रयोग आठवावा. हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. तो प्रयोग मोजक्या जागी होता, पण त्यातली युक्ती मोलाची होती. हॉर्नची किंमत जागच्या जागी वसूल होत होती आणि ती सगळ्यांना भरावी लागत असल्याने शेजारच्या गाडीवाल्याला 'अरे, बंद कर' म्हणायचा हक्क मिळत होता. एरवी तो नाक खुपसणारा ठरला असता.

बोलणाऱ्यावर उलटू नये, ही गोष्ट न्यायालयानेही ओळखली आहे. कुर्ल्याच्या नेहरूनगर भागातल्या रहिवाशांच्या याचिकेवर जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपकांबाबत निकाल दिला. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, या वाक्याचीच चर्चा जास्त झाली. दैनंदिन जगण्याच्या दृष्टीने त्यातली दुसरी सूचना अधिक उपयोगी होती: पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांत आहेच. कमतरता नियमाची नव्हती. ज्याच्या मंडळाविरुद्ध, ज्याच्या हॉलविरुद्ध तक्रार करायची तो शेजारीच राहतो, आणि तक्रार केल्यावर नाव त्याच्यापर्यंत पोहोचतं, ही भीती खरी अडचण होती.

तक्रार सोपी करण्याच्या गरजेला उपनगरांनी फार पूर्वी एक देशी उत्तर शोधलं होतं, ते म्हणजे शाखा. शिवसेना १९६६ मध्ये स्थापन झाली आणि पुढे वस्तीवस्तीत शाखा उभ्या राहिल्या. नळाला पाणी नाही, गटार तुंबलं, शेजारी ऐकत नाही, तर 'शाखेत सांगा'. अर्ज नाही, पावती नाही, संध्याकाळी जाऊन तोंडी सांगायचं. तिथे तक्रार स्वस्त होती म्हणून लोक गेले. पण तिची किंमत दुसऱ्या रूपात फेडावी लागायची. काम झालं की उपकाराची नोंद राहायची, आणि ज्याची ओळख नाही त्याचं काम रेंगाळायचं. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर बराच काळ नगरसेवकांच्या जागी प्रशासक होता. तेव्हा साध्या तक्रारीसाठी कोणाचं दार ठोठवायचं हा प्रश्न अनेक वॉर्डांत उभा राहिला. सरकारी यंत्रणेने शाखेकडून शिकायचं ते तिचा सोपेपणा आणि टाळायचा तो तिचा वशिला.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा की लोकलमधून पडून माणसं मरतात, पावसात रूळ बुडतात, घरं परवडत नाहीत. अशा शहरात रील्सच्या आवाजावर लेख कशाला? पण हे दोन प्रश्न एकाच तिजोरीतून पैसे मागत नाहीत. नवा मार्ग बांधायला हजारो कोटी आणि दशकभर वेळ लागतो. फलाटावर खुणा रंगवायला रंग लागतो. शिवाय ज्या यंत्रणेला साध्या तक्रारीचं उत्तर देण्याची सवय नाही, ती उघड्या मॅनहोलच्या तक्रारीचंही उत्तर वेळेत देत नाही. दुसरा आक्षेप चिरीमिरीचा: नियम वाढवले की वसुली वाढते आणि ती हातगाडीवाल्याकडून आधी होते. ही भीती रास्त आहे. म्हणूनच इथे मागणी नव्या दंडांची नाही. मीटर आणि शेअर रिक्षाची रांग यांनी कोणाच्याही हाती पावतीपुस्तक न देता काम केलं. माणसाच्या मर्जीवर जितकं कमी सोपवलं जाईल, तितकी चिरीमिरीला जागा कमी.

एक सावधगिरी मात्र हवी. तक्रार सोपी केली की सगळं झालं, असं नाही. नको असलेल्या फोन-मेसेजविरुद्ध २००७ पासून नोंदणीची सोय आहे, १९०९ हा क्रमांकही आहे. तरी कर्ज घेता का विचारणारे फोन थांबलेले नाहीत. एक क्रमांक बंद झाला की दुसऱ्यावरून सुरू. म्हणजे तक्रार स्वस्त होऊन भागत नाही, त्रासही महाग व्हावा लागतो.

तेव्हा आरटीओ, रेल्वे, 'बेस्ट', महापालिका किंवा सोसायटीची कार्यकारिणी, प्रत्येकाला नागरिकांनी तीनच प्रश्न विचारावेत. हा त्रास तक्रारीशिवायच बंद होईल अशी काही रचना करता येईल का? नसेल, तर नाव उघड न करता एका मिनिटात तक्रार करता येते का? आणि तिचं काय झालं ते ठरावीक दिवसांत तक्रारदाराला कळतं का? ज्या कार्यालयाकडे या तिन्ही प्रश्नांची उत्तरं 'नाही' अशी असतील, त्याने लोकांना शिस्तीचे फलक दाखवणं बंद करावं. मुंबईकर शिस्त पाळतो, हे त्याने चौथ्या सीटवर रोज सिद्ध केलं आहे. आता पाळी कार्यालयांची आहे.