निराळ्या आज्ञावलीचा फोन: गुणदोषविचार

हल्लीं कोणत्याही घरीं फोन विकत घेण्याचा प्रश्न निघाला, म्हणजे पहिली चौकशी किंमतीची, दुसरी कॅमेऱ्याची आणि तिसरी रंगाची होते. त्या यंत्राच्या पोटांत कोणती आज्ञावली, म्हणजे आपण ज्याला सॉफ्टवेअर म्हणतों तें, चालतें, ही चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. कारण उघडच आहे. बाजारांतील जवळजवळ सर्व स्मार्टफोन गूगलच्या अँड्रॉइडवर किंवा अ‍ॅपलच्या आयओएसवर चालतात. निवडीला फारशी जागाच उरलेली नाहीं. तरी हे दोन राजमार्ग सोडून तिसरी वाट काढण्याचे प्रयत्न झाले आहेत, आणि त्यांपैकीं एक तर आपल्या देशांतील गरिबांच्या घरापर्यंत पोंचला. त्याचे गुणदोष पारखून पाहिल्यास पालकांस व आम्हां शिक्षकांसही त्यापासून बोध घेतां येईल, असें मला वाटतें.

मोझिला ही संस्था फायरफॉक्स नांवाच्या ब्राउझरकरितां प्रसिद्ध आहे. २०११ सालीं तिनें एक धाडसाची कल्पना पुढें मांडली. फोनवरील अ‍ॅप बहुधा अँड्रॉइडसाठीं एकदां व आयओएससाठीं पुन्हां निराळें तयार करावें लागतें, आणि तें बहुतेक त्या त्या कंपनीच्या दुकानांतूनच ग्राहकाच्या हातीं येतें. मोझिलाचें म्हणणें असें कीं, ब्राउझर हाच फोनचा पाया कां नसावा? ज्या एचटीएमएल, सीएसएस व जावास्क्रिप्ट ह्या भाषांनीं वेबपानें रचिलीं जातात, त्यांतच फोनचीं सर्व अ‍ॅप्स रचावीं, म्हणजे ह्या विद्येवर कोणा एकाची मालकी राहणार नाहीं. ह्या कल्पनेंतून फायरफॉक्स ओएस ही आज्ञावली जन्मास आली. २०१३ सालीं तिचे पहिले फोन स्पेन व पोलंड येथें विक्रीस आले; आणि २०१४ च्या ऑगस्टमध्यें इंटेक्स कंपनीनें क्लाउड एफएक्स हा फोन अवघ्या १,९९९ रुपयांस भारताच्या बाजारांत आणिला.

प्रथम गुण पाहूं. पहिला गुण स्वस्ताई. ज्या घरीं स्मार्टफोन हें नांवही चैनीचें वाटे, तेथें तो दोन हजारांच्या आंत येऊं शकला. दुसरा गुण मोकळेपणा. ह्या आज्ञावलीची मूळ संहिता कोणासही वाचतां व सुधारतां येत असे. अँड्रॉइडचा गाभाही खुला आहे हें खरें. परंतु त्याबरोबर येणारीं गूगलचीं अ‍ॅप्स व दुकान तसें खुलें नाहीं. तिसरा गुण मला शिक्षक ह्या नात्यानें सर्वांत मोलाचा वाटतो. शाळेंत वेबपान रचावयास शिकलेला मुलगा किंवा मुलगी त्याच विद्येच्या बळावर ह्या फोनकरितां अ‍ॅप लिहूं शके. वापरणारा आणि घडविणारा ह्यांमधील भिंत येथें ठेंगणी झाली होती.

आतां दोष. क्लाउड एफएक्सची चालू स्मृति केवळ १२८ एमबी होती. त्यामुळें काम मंद चाले. ३जी जाळ्याची सोयही त्यांत नव्हती. तथापि हे दोष यंत्राचे होते. थोडे अधिक पैसे खर्चल्यास ते दूर झाले असते. खरा दोष निराळाच होता. व्हॉट्सअ‍ॅप ह्या आज्ञावलीवर अधिकृतपणें कधींच आलें नाहीं. फोन हें एकट्याचें साधन नव्हे. आपले आप्तेष्ट ज्या मार्गानें बोलतात, तो मार्ग त्यांत नसेल, तर इतर गुण असूनही तो अपुराच. ग्राहक थोडे म्हणून अ‍ॅप्स रचणारे येत नाहींत, आणि अ‍ॅप्स नाहींत म्हणून ग्राहक येत नाहींत, अशी ही कोंडी. अखेर २०१५ च्या डिसेंबरांत मोझिलानें हे फोन पुढें न चालविण्याचें जाहीर केलें. घेतलेले फोन त्या दिवशीं बंद पडले नाहींत; परंतु ज्या आज्ञावलीची डागडुजी थांबते, तिचा भरंवसा दिवसेंदिवस कमी होत जातो.

तें बीज मात्र वायां गेलें नाहीं. त्याच संहितेपासून कायओएस ही आज्ञावली निघाली, आणि २०१७ सालीं जाहीर झालेला जिओफोन तिच्यावरच चालला. परत मिळणारी १,५०० रुपयांची अनामत, २.४ इंचांचा पडदा, दाबावयाच्या कळा, आणि ४जी जाळें, असें त्याचें रूप होतें. वृद्धांस कळा सोयीच्या वाटत. मुलांस भुलविणारे खेळही त्यांत थोडेच. २०१८ च्या सप्टेंबरांत त्यावर व्हॉट्सअ‍ॅप आलें, आणि पूर्वीची मोठी उणीव भरून निघाली. परंतु तो एकाच कंपनीच्या सिमकार्डास बांधलेला होता, आणि २०२४ च्या जूनपासून कायओएसवर व्हॉट्सअ‍ॅप नव्यानें उतरवून घेण्याची सोयही बंद झाली. दुसऱ्याच्या मर्जीनें मिळालेली सोय दुसऱ्याच्या मर्जीनेंच जाते, हें येथें स्पष्ट दिसतें.

ह्या दोषाची खरी झळ २०२० सालीं, महामारीमुळें शाळा बंद असतां, लागली. धडे फोनवरून सुरू झाले. पुष्कळ ठिकाणीं ते झूमसारख्या अ‍ॅपवर भरूं लागले. कायओएसवर झूम चालत नसे. म्हणजे ज्या बापानें पदरमोड करून घरांत फोन आणिला, त्याच्या मुलाची गणना फोन नसलेल्यांतच व्हावयाची. येथें दोष कोणाचा? पुष्कळजण फोनला बोल लावतील. मला तें पटत नाहीं. त्याच फोनवर ब्राउझर होता, व्हॉट्सअ‍ॅप होतें, यूट्यूब होतें, आणि साधें बोलणें तर होतेंच. साध्या वेबपानावर लिहिलेला धडा, पांच मिनिटांचें ध्वनिमुद्रित निरूपण, किंवा आठवड्यांतून एकदां फोनवरून केलेली विचारपूस, ह्यांपैकीं कोणतीही गोष्ट त्या घरांत पोंचली असती. अल्पसंख्य आज्ञावलीचा दोष बहुसंख्यांच्या संवयीमुळें दुप्पट होतो, असा माझा अभिप्राय आहे.

तेव्हां पालकांस माझें सांगणें असें: निराळ्या आज्ञावलीचा फोन स्वस्त आहे, साधा आहे, किंवा खासगीपणा राखणारा आहे, एवढ्यावरून तो घेऊं नये, आणि तो निराळा आहे एवढ्यावरून टाकूंही नये. बुरूज बांधूं पाहणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, अशा आशयाचा प्रभूचा दृष्टांत आहे. तोच हिशेब येथें करावा. बँकेचें, शिष्यवृत्तीचें व शाळेचें काम ह्या फोनवर होतें काय, तें दुकानांतच पाहून घ्यावें. त्याची डागडुजी किती वर्षें चालेल, हें विचारावें. तो एकाच कंपनीस बांधलेला आहे काय, हेंही विचारावें. उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर चार लोक हंसले तरी खुशाल घ्यावा.

विद्यार्थ्यांनीं मात्र आणखी एक करावें. आपल्या हातांतील यंत्राच्या पोटांत काय चालतें, तें कोणीं रचिलें आणि कोणत्या हेतूनें रचिलें, हें शिकून घ्यावें. आणि आम्हां शिक्षकांनीं असा नेम करावा कीं, वर्गांतील सर्वांत साध्या फोनवर जो धडा उघडत नाहीं, तो पाठविलाच नाहीं असें समजावें. हा नेम पाळण्यास फारसा पैसा लागत नाहीं. वर्गांतील कोणत्या मुलाच्या घरीं कोणता फोन आहे, हें सत्राच्या आरंभीं विचारून वहींत टिपून ठेविलें, म्हणजे काम सुरू झालें.