आजार माशाला की पाण्याला?

“आई, सोनूच्या अंगावर रवा पडलाय!”

धाकटी ओरडत स्वयंपाकघरात आली, तेव्हा मी खरोखरच रवा भाजत होते. मला वाटलं, हिनंच काहीतरी सांडलं असणार. जाऊन बघते तर काचेच्या भांड्यातल्या दोन सोनेरी माशांपैकी एकाच्या शेपटीवर आणि पंखांवर पांढरे बारीक दाणे. मासा सारखा तळाच्या खड्यांना अंग घासत होता. दुसरा वर येऊन पाण्याच्या कडेला तोंड उघडझाप करत होता. आठवडी बाजारातून हे दोघे प्लॅस्टिकच्या पिशवीत बसून घरी आले, त्याला जेमतेम आठ दिवस झाले होते.

आपल्या घरात कुणी आजारी पडलं की आपण काय करतो? आधी स्वच्छता. मीही तेच केलं. सगळं पाणी ओतून टाकलं, भांडं साबणाने लख्ख घासलं आणि नुकतंच नळाला आलेलं ताजं पाणी काठोकाठ भरलं. वर दुकानातून निळं औषध आणून ‘दोन थेंब’च्या जागी चांगलं अर्धं टोपण टाकलं. लवकर बरा व्हावा म्हणून खाणंही जास्त घातलं. संध्याकाळी एक मासा आडवा होऊन तरंगत होता.

सासूबाई म्हणाल्या, “घरावरचं काहीतरी संकट त्याने आपल्यावर घेतलं गं.” शेजारच्या काकूंनीही मान डोलावली. खरं सांगते मैत्रिणींनो, ते ऐकून मला बरंच वाटलं. पण धाकटी माझ्याकडे बघत होती. तिने विचारलं, “आई, आपण मारलं का त्याला?”

त्या प्रश्नाने मला रात्री झोप लागू दिली नाही. दुसऱ्या दिवशी, आमच्या गावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांकडे गेले. मी माशाचं वर्णन करायला लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाले, “ताई, पाणी किती आहे? कुठलं आहे? कधी भरलं? खायला किती घालता?” चार प्रश्न, आणि एकही माशाबद्दल नाही!

मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. कारण वस्तीत कामाला गेल्यावर मी दुसरं काय करते? पोराला जुलाब लागले म्हणून एखादी आई औषध मागते, तेव्हा मीच विचारते, “पाणी कुठलं पिता? उकळता का? हंडा झाकता का?” परक्याच्या घरात जे मला चटकन दिसतं, ते माझ्याच दिवाणखान्यातल्या तीन लिटरच्या भांड्यात दिसलं नव्हतं.

सरांनी मग समजावून सांगितलं. मासा ज्या पाण्यात श्वास घेतो, त्याच पाण्यात त्याची घाण जाते. त्यातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी आरशासारखं नितळ असलं तरी विषारी असू शकतं. नदी-तळ्यात हा अमोनिया संपवणारे उपयोगी जिवाणू असतात. घरच्या टाकीतही ते खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर वाढतात, पण नवीन टाकीत त्यांचा जम बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. आपण पहिल्याच दिवशी मासे सोडतो, आठवड्याभरात सगळं घासूनपुसून काढतो, म्हणजे ते जिवाणू वाढायच्या आतच धुऊन टाकतो. आपली स्वच्छतेची हौस माशाच्या जिवावर उठते ती अशी.

दुसरी गोष्ट नळाच्या पाण्याची. पावसाळ्यात पाणीपुरवठ्यात टीसीएल पावडर टाकतात. ती टाकलीच पाहिजे, तिच्यामुळे आपली मुलं आजारांपासून वाचतात. पण तेच क्लोरीन माशाचे नाजूक कल्ले भाजून काढतं. म्हणून नळाचं पाणी उघड्या बादलीत 24 तास ठेवायचं, मगच वापरायचं. घाई असेल तर दुकानात क्लोरीन घालवायचे थेंब मिळतात.

आणि ते रव्याचे दाणे? तो एका सूक्ष्म परजीवीचा आजार. बहुतेक वेळा तो विकत आणलेल्या माशाबरोबरच घरी येतो. पाणी अचानक गार झालं, खराब झालं, मासा अशक्त झाला की त्याचं फावतं. गंमत अशी की दाणा माशाच्या अंगात असेपर्यंत त्याच्यावर कुठलंही औषध फारसं चालत नाही. दाणा गळून तळाशी पडतो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती नवा मासा शोधत पाण्यात पोहतात. औषध लागू पडतं ते तेव्हा. म्हणजे अंगावरचे दाणे गेले, म्हणजे आजार गेला असं नाही. ताप उतरला की गोळ्या बंद करणाऱ्या आपल्या मंडळींची मला इथे फार आठवण आली.

उरलेल्या माशासाठी मग आम्ही असं केलं. पाणी साठवायचा मोठा प्लॅस्टिकचा टब काढला, त्यात आदल्या दिवशीचं 40 लिटर पाणी घेतलं आणि हवा सोडणारा छोटा पंप लावला. जाडं मीठ एका लिटरला 1 ग्रॅम या हिशेबाने पहिल्या दिवशी 40 ग्रॅम, पुढचे दोन दिवस तेवढंच, म्हणजे एकूण 120 ग्रॅम, वेगळ्या पाण्यात विरघळवून हळूहळू घातलं. दोन दिवस खाणं बंद. एक दिवसाआड पाव भाग पाणी बदललं आणि जेवढं नवं पाणी घातलं तेवढ्यापुरतंच मीठ मोजून टाकलं, कारण मीठ पाण्याबरोबर उडून जात नाही. चौथ्या-पाचव्या दिवसापासून दाणे गळू लागले. ते दिसेनासे झाल्यावरही आठवडाभर तसंच चालू ठेवलं. मासा वाचला. पण लक्षात ठेवा, हा उपाय सोनेरी माशाला सोसतो. मांगूरच्या जातीच्या मिशीवाल्या माशांना आणि टाकीतल्या झाडांना एवढं मीठ चालत नाही. सगळ्याच आजारांवर इलाज असतो असंही नाही. अंग फुगून खवले उभे राहिलेला मासा क्वचितच वाचतो.

आता माझं म्हणणं. मासे पाळणं वाईट नाही. दमून आल्यावर टाकीसमोर पाच मिनिटं बसलं तरी मन शांत होतं. पण जीव घरी आणण्याआधी त्याच्या पाण्याची सोय करणं एवढं तरी आपण केलंच पाहिजे. वाढदिवसाला आलेल्या मुलांच्या हातात मासा असलेली पिशवी देण्याची पद्धत काही ठिकाणी निघाली आहे. त्यातले किती मासे पुढचा रविवार बघत असतील? शोभेचं गोल भांडं टेबलावर छान दिसतं, पण सोनेरी मासा चांगला सांभाळला तर 10 वर्षांहून अधिक जगतो आणि वीतभर वाढतो. त्याला तीन लिटरमध्ये ठेवणं म्हणजे माणसाला आयुष्यभर न्हाणीघरात कोंडण्यासारखं आहे. वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे छोट्या टाकीत कोंबणाऱ्यांनीही हा हिशेब करावा. मासा मेला की ‘संकट टळलं’ म्हणून दुसरा आणायचा, मग पाणी तपासायची गरजच कुणाला वाटत नाही.

अजून एक. हौस घरातल्या सगळ्यांची असते, पाणी बदलायचं काम मात्र आपसूक आपल्याकडे येतं. तेव्हा आणायच्या आधी घरात बसून ठरवा, खाणं कोण घालणार, पाणी कोण बदलणार. ज्या गावात नळाला एक दिवसाआड पाणी येतं तिथे तर हा विचार हवाच. काढलेलं पाणी वाया जात नाही, तुळशीला, फुलझाडांना ते खतासारखं लागतं. फक्त मीठ घातलेलं पाणी झाडांना नको.

आणि कंटाळा आला, मासा मोठा झाला, म्हणून त्याला नदीत किंवा धरणात सोडून ‘पुण्य’ मिळवू नका. टाकी साफ करतो म्हणून विकला जाणारा परदेशी सकर मासा आज उजनीसारख्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. तो खायच्या कामाचा नाही आणि आपल्या स्थानिक माशांच्या मुळावर उठतो. नको असलेला मासा दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

नवीन सुरुवात करणाऱ्यांनी एवढं पाळलं तरी पुष्कळ. टाकी मोठी घ्या, मासे थोडे ठेवा. नवीन मासा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवून मगच इतरांत सोडा. दोन मिनिटांत संपेल एवढंच खायला घाला. आठवड्याला पाव भाग पाणी बदला, सगळं एकदम नको. टाकीला साबण नको, आणि फिल्टरचा स्पंज काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्या, नळाखाली नको. मासा सुस्त दिसला तर दुकानाकडे धावण्याआधी पाण्याकडे बघा.

राहता राहिला धाकटीचा प्रश्न. मी तिला जवळ घेऊन सांगितलं, “हो बाळा, आपल्याकडूनच चुकलं. आपल्याला माहीत नव्हतं आणि आपण विचारलंही नाही.” ती खूप रडली. मग आम्ही दोघींनी मिळून त्या माशाला जास्वंदीच्या कुंडीत पुरलं. आता रोज रात्री ती बादलीत पाणी भरून ठेवते. झाकण लावायला गेलं की मलाच दटावते, “आई, उघडी राहू दे. सोनूच्या भावाचं पाणी आहे ते.”