करदाता म्हणजे नेमका कोण?

परदेश शिष्यवृत्तीची यादी लागली की फेसबुकवर एक वाक्य हमखास येते : "आमच्या कराच्या पैशावर हे लंडनला चाललेत." या वाक्यातला 'आमच्या' हा शब्द अर्थशास्त्रातला नाही, जातीतला आहे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कंत्राटावर राबणारा बाप आणि दुसऱ्याच्या उसात भांगलणीला जाणारी आई मोबाइलच्या रिचार्जपासून चपलेपर्यंत जीएसटी भरत असतात. त्यांच्या नावाने त्याचे विवरणपत्र निघत नाही, एवढाच फरक. गरिबाला चुकवता येत नाही असा कर आणि श्रीमंताला टाळता येतो असा कर, हा भेद आपल्याला नवा नाही. बाबासाहेबांचा १९२५ चा ग्रंथ ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरच आहे. कर कोण भरतो आणि खर्च कुणावर होतो, हा प्रश्न त्यांनी अभ्यासाचा विषय केला होता.

पण आजचा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. ज्याला 'फुकटा' म्हणतात तो विद्यार्थी लंडनला किंवा टेक्सासला पोचल्यावर आठवड्याला वीस तास भांडी घासतो, ग्रंथालयात पुस्तके लावतो आणि तिथल्या सरकारला कर भरतो. पुष्कळदा तर देणे लागत नसलेला करही भरतो.

ब्रिटनचे बघा. तिथे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते आणि वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत प्राप्तिकर नाही. २०२५-२६ चे किमान वेतन, वय २१ च्या पुढे, तासाला १२.२१ पौंड. ऑक्टोबरमध्ये कामाला लागलेला विद्यार्थी वीस तासांच्या मर्यादेत राहून ५ एप्रिलपर्यंत, म्हणजे २६ आठवड्यांत, जेमतेम ६,३५० पौंड कमावतो. कर शून्य. पण रुजू होताना मालक एक फॉर्म देतो. त्यात 'एप्रिलपासूनची ही माझी पहिलीच नोकरी' या ओळीवर खूण करायची असते. आपल्या पोराला ते कळत नाही. तो फॉर्म कोरा ठेवतो किंवा भलत्याच चौकटीत खूण करतो, आणि पहिल्या पौंडापासून २० टक्के कापले जातात. सहा महिन्यांचे १,२७० पौंड, म्हणजे लाख-सव्वा लाखाहून जास्त रुपये. ज्याच्या घरी वडील किंवा मामा सीए आहे, तो एका फोनवर हे सोडवून घेतो. आपल्या घरात पासपोर्टच पहिल्यांदा आलेला असतो.

अमेरिकेत गुंता वेगळा. भारतीय विद्यार्थ्याला तिथे एक सवलत आहे, जी इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना नाही : १९८९ च्या भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१ मुळे त्याला अनिवासी असूनही प्रमाणित वजावट मिळते. शिवाय एफ-१ व्हिसावर पहिली पाच कॅलेंडर वर्षे पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के कापायचे नसतात. शिक्षणानंतरच्या ओपीटीच्या काळातही, पाच वर्षे भरेपर्यंत, हे लागू आहे. वर्षाला ६०,००० डॉलर पगार असेल तर ४,५९० डॉलरचा प्रश्न. छोट्या कंपन्यांना हे ठाऊक नसते, त्या कापत राहतात. आणि कमाई शून्य असली तरी फॉर्म ८८४३ पाठवावा लागतो, हे किती जणांना सांगितले जाते?

यावर आपल्याच लोकांतून एक सल्ला येतो : "कॅशमध्ये काम घे, कराची कटकट नाही." हा सल्ला देणारा हितचिंतक नव्हे. रोख काम म्हणजे पगाराची पावती नाही, किमान वेतनाची खात्री नाही, मालकाने दोन आठवड्यांचे पैसे बुडवले तर दाद मागायला कागद नाही, आणि वर व्हिसाची भीती. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे, तरी दुसऱ्याच्या नावाच्या खात्यावर जेवणाची डिलिव्हरी करणारी पोरे आहेत. खात्याचे भाडे घेणारा वेगळाच. वेठबिगारी गावात सोडली आणि इंग्लंडात पत्करली, असे होऊ द्यायचे का?

आता सरकारकडे वळू. राज्याच्या परदेश शिष्यवृत्तीला नाव कुणाचे? कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर आलेल्या शाहू महाराजांचे. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतल्या माणगावात परिषद झाली, आणि त्याच वर्षी बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले, महाराजांची मदत घेऊन. त्या नावाने पाठवणी करायची आणि विमानात बसवून हात झटकायचे, हे चालणार नाही. केंद्राच्या योजनेत तर २०२५ च्या जुलैत १०६ जण निवडून आधी फक्त ४० जणांना पत्रे दिली, बाकीच्यांना 'निधी उपलब्ध झाल्यास'. याच योजनेच्या नियमावलीत 'पोल टॅक्स' प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे देण्याची तरतूद वर्षानुवर्षे छापली जाते. ब्रिटनमध्ये थॅचरबाईंनी आणलेला तो कर १९९३ मध्येच बंद झाला! जो कर उरला नाही त्याची तरतूद, आणि जो दर आठवड्याला कापला जातो त्याबद्दल पोराला समजावून सांगायला कुणी नाही.

इकडचा कायदाही माहीत हवा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघालेला विद्यार्थी त्या आर्थिक वर्षापुरता भारतात बहुधा रहिवासीच ठरतो. मग तिकडचे बँक खाते इथल्या विवरणपत्रात दाखवावे लागते, उत्पन्न करपात्र नसले तरी. शिष्यवृत्तीची रक्कम करमुक्त आहे, मजुरी नाही; तिकडे भरलेल्या कराची वजावट मात्र मागता येते.

समाजकल्याण खात्याने निवडपत्रासोबत मराठीत चार पानांची पुस्तिका द्यावी आणि निघण्यापूर्वी एक दिवस कर सल्लागाराला बसवावे. यासाठी स्वतंत्र शासन निर्णयही लागणार नाही, इच्छा लागेल. तोवर आपल्यातले जे सीए आणि करवकील झालेत त्यांनी महिन्यातला एक रविवार द्यावा. आणि जे परत आलेत त्यांनी जुन्या पगारपावत्या आणि पी-६० शोधून काढाव्यात. ब्रिटनमध्ये जादा कापलेला कर चार वर्षांपर्यंत मागता येतो. २०२२-२३ या करवर्षाची मुदत ५ एप्रिल २०२७ ला संपते.